पाकीट आलं काय?

आमच्या घरी पेपर विकत येत नव्हता. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत वडील रात्रीचे राखणदार होते. मालकांचा वाचून झालेला पेपर दिवाणजींच्या गादीवर पडायचा. रात्री वडील तो बल्बखाली बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि सकाळी घरी येताना घडी करून घेऊन यायचे. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. जोडाक्षर आलं की थांबायचे, ओठ हलवायचे, पण सोडायचे नाहीत. आमच्या घरात येणारी बातमी एक दिवस शिळी असायची आणि तिला जर्द्याचा वास असायचा.

आई दुसऱ्या वखारीत. पाला कुटायचा, चाळायचा, पोती भरायची. तोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुरळ्यात बसायचं. नवीन आलेल्या बाईला पहिले काही दिवस चक्कर यायची, उलट्या व्हायच्या. जुन्या बाया तिला गूळ द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘बसंल अंगवळणी.’’ संध्याकाळी आई घरी आली की आधी न्हाणीत जायची, मगच आम्हाला जवळ घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं. मी तिसरीत गेल्यापासून तिला पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि दर दोन-तीन बातम्यांनंतर विचारायची, ‘‘आमचं काय आलंय काय गं त्यात?’’

‘आमचं’ म्हणजे काय, हे ती कधी सांगत नसे. मी गावाचं नाव शोधायचे. सापडलं तर मोठ्यानं वाचायचे.

1981 च्या मार्चमध्ये ते रोज सापडायला लागलं. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी संघटनेनं निपाणीजवळ पुणे-बेंगळूर हमरस्ता अडवला होता. संघटनेचे नेते शरद जोशी आले होते. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या घेऊन, भाकरी बांधून आले आणि रस्त्यावरच राहिले, तीन आठवड्यांहून जास्त. आम्ही पोरं शाळा सुटली की बघायला पळायचो. ज्या रस्त्यावर एरवी ट्रकशिवाय काही दिसत नसे तिथं चुली पेटलेल्या, भजन चाललेलं. 6 एप्रिलला पोलिसांनी आंदोलन उठवलं, गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या दिवशी आमच्या गल्लीतली सगळी दारं बंद होती. वडील कामावर गेले नाहीत, म्हणून पेपरही आला नाही.

दोन दिवसांनी ते एकदम दोन पेपर घेऊन आले. पानभर निपाणी. मी वाचत होते, आई ऐकत होती. त्या दिवशी तिनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सगळं संपल्यावर एवढंच म्हणाली, ‘‘वखारीतल्या बायांचं काय नाही व्हय?’’ कारण आंदोलनाच्या काळात वखारीतलं काम थंडावलं होतं आणि रोजावरच्या बायांची चूल त्या रोजावर पेटत होती. शेतकऱ्याचं दुःख खरंच होतं, आईलाही ते कळत होतं, तिचा भाऊ अक्कोळला तंबाखू करायचा. पण त्याच तंबाखूला पुढं हात लावणारी बाई त्या पानावर नव्हती. त्याच सुमाराला प्रा. सुभाष जोशी यांनी निपाणीत विडी-तंबाखू कामगार बायांना एकत्र करायला सुरुवात केली होती. आई त्या सभांना जायला लागली आणि मग कधीतरी सभेची चार ओळींची बातमी आली की ती चार चार वेळा वाचायला लावायची.

दहा वर्षांच्या मुलीला यातून पत्रकारिता कळली असं मी म्हणणार नाही. एवढंच, की छापून येणं ही किती मोठी गोष्ट आहे हे मी आईच्या तोंडावर पाहिलं होतं.

शाळा मराठी. दहावी मात्र कर्नाटक बोर्डाची, एसएसएलसी. कन्नड हा विषय होता, तो आम्ही परीक्षेपुरता पाठ करायचो. कॉलेज देवचंद. बाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागतं म्हणून सांगते: देवचंद कॉलेज निपाणीकरांचंच, घरातून चालत जाण्याच्या अंतरावर, पण ते आहे अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. सकाळी कर्नाटकातून निघायचं, महाराष्ट्रात तास करायचे, दुपारी जेवायला परत कर्नाटकात. पदवी शिवाजी विद्यापीठाची. नकाशात जी ठळक रेघ दिसते ती आम्ही दप्तर घेऊन रोज ओलांडत होतो, आणि नोकरीचे अर्ज भरायची वेळ आली की तीच रेघ आडवी येत होती. माझ्या वर्गातल्या किती जणांची आयुष्यं ‘तुम्ही नक्की कुठले’ या प्रश्नावर अडली, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला मामा भेटले. ते माझे सख्खे मामा नव्हेत. अख्खी निपाणी त्यांना मामा म्हणायची. जुन्या पी. बी. रोडला त्यांचं वह्या-पेन्सिलींचं छोटं दुकान होतं. पहाटे पेपरचे गठ्ठे उतरून घ्यायचे, पोरांना वाटून द्यायचे, दिवसा दुकान चालवायचं, दुपारी बातम्या लिहायच्या, महिनाअखेरीला बिलं गोळा करायची आणि गणपती-दिवाळीला जाहिराती मिळवायच्या. एजंट, वार्ताहर आणि जाहिरातवाला, तिन्ही एकच माणूस. सीमाभागातली मराठी वृत्तपत्रं अशाच माणसांवर चालत आली. पगार नाही. अंकांच्या विक्रीवर कमिशन, जाहिरातीवर कमिशन, आणि बातमीचं म्हणाल तर कुठं कॉलमवर थोडे पैसे, कुठं नुसता मान.

मामांचा हात थरथरायला लागला होता. बेळगावच्या कंपोझिटरला त्यांचं अक्षर लागेना. मी वही घ्यायला गेले होते, त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि विचारलं, ‘‘पोरी, दुपारचं तासभर येशील काय? मी सांगतो, तू लिही. पैसे नाहीत माझ्याकडं. रोजचा अंक देतो.’’

रोजचा अंक! त्या दिवसापासून आमच्या घरी ताजा पेपर यायला लागला. वडील तरीही वखारीतला जुना अंक घेऊन यायचेच. सवय.

मामा सांगायचे, मी लिहायची. सुरुवातीला फक्त लिहायची, मग मी प्रश्न विचारायला लागले, मग ते मलाच बातमीला पाठवायला लागले. त्यांच्याकडून जे शिकले ते पुढं कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. मयताच्या घरी गेलीस तर वही पिशवीतच ठेवायची. आधी बसायचं, पाणी दिलं तर प्यायचं. वय विचारायचं नाही, रेशनकार्ड मागायचं, कारण दुःखातला माणूस वय सांगताना पाच वर्षं इकडंतिकडं करतो. नुकसानीचा आकडा ज्याचं नुकसान झालंय त्याच्याकडून घ्यायचा, मग शेजाऱ्याकडून, आणि दोन्हीत फरक असला तर तिसऱ्याकडून. भांडणाच्या बातमीत जो कमी बोलला त्याच्याकडं दुसऱ्यांदा जायचं. आणि सहकारी सोसायटीच्या निवडणुकीची बातमी लिहिताना पडलेल्या उमेदवारांची नावंही द्यायची. ‘‘त्यांचीबी माणसं पेपर वाचत्यात,’’ असं ते म्हणायचे.

लिहून झालं की पाकीट. खाकी लिफाफा, वर ठळक अक्षरात ‘प्रेस मॅटर, अर्जंट’, खाली पत्ता. ते घेऊन मी स्टँडवर जायची आणि बेळगावच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. बहुतेक कंडक्टर मामांना ओळखायचे. पाकीट तिकिटांच्या पेटीजवळ जायचं. तवंदी घाट, संकेश्वर, यमकनमर्डी, काकती असं करत संध्याकाळी बेळगावच्या बसस्थानकात. तिथं कचेरीचा मुलगा सायकल घेऊन उभा असायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच बातमी छापून त्याच रस्त्यानं उलटी यायची.

1993 मध्ये पदवी हातात घेऊन मी त्या रस्त्यानं बेळगावला गेले. मामांची चिठ्ठी बरोबर होती. वडगावात मावशीकडं राहायचं ठरलं. मावशीचे यजमान पॉवरलूमवर होते. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा भाग, दिवसरात्र मागांचा आवाज. पहिल्या आठवड्यात झोप लागली नाही. नंतर सुट्टीत निपाणीला गेले की तिथल्या शांततेत झोप लागेना.

ज्या मराठी दैनिकात मला घेतलं त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्यांनी मला शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं, मुद्रितशोधनाला. बाईला रात्रपाळी द्यायची की नाही यावर तिथं बराच खल झाला. शेवटी ठरलं की आठला सुट्टी. आता रोजच्या पेपरात आठला सुट्टी म्हणजे जेव्हा खरं काम सुरू होतं तेव्हा घरी जायचं. पगाराचं विचारलं तर ‘आधी शिका’ हे उत्तर. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या बच्छावत वेतन आयोगाचं नाव आम्ही फक्त पीटीआय या वृत्तसंस्थेच्या बातमीत वाचायचो. या दोन्ही गोष्टींचा राग मला तेव्हा होता आणि आजही आहे. कारण माझ्याबरोबरच्या दोन मुली याच कारणानं वर्षाच्या आत सोडून गेल्या. त्यांतली एक माझ्यापेक्षा चांगलं लिहायची.

मुद्रितशोधन हे दुय्यम काम मानतात. मला त्यानं जिल्हा शिकवला. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर खुणा करायच्या. ऑफसेट आलं होतं, खिळे जुळवणारे जुने हात आता संगणकाच्या कळफलकावर बसले होते. चिमटा सोडून बोटं कळांवर न्यायला त्यांना किती जड गेलं ते मी शेजारून पाहिलं आहे. त्यांतले एक आण्णा होते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यातलं प्रत्येक गाव त्यांना नावानिशी ठाऊक. कंग्राळी आली की विचारायचे, ‘‘बुद्रुक का खुर्द?’’ सुळगं आलं की, ‘‘हिंडलग्याचं का येळ्ळूरचं?’’ बेनकनहळ्ळी, नंदिहळ्ळी, निंग्यानट्टी, कट्टणभावी. निपाणीकडच्या मुलीला ही नावं नवीन होती. मी एक वही केली, त्यात गाव, तालुका, जवळचं मोठं गाव, बाजाराचा वार, यात्रा कधी, हायस्कूल आहे की नाही. वाचक स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं छापलेलं पाहतो तेव्हा पुढची बातमी त्याच्यासाठी संपलेली असते.

या आण्णांकडूनच मी बेळगावच्या वृत्तपत्रांचा जुना इतिहास ऐकला. बाबुराव ठाकूर यांनी 1919 मध्ये सुरू केलेलं ‘तरुण भारत’. 1924 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन. आणि 1946 चं साहित्य संमेलन, जिथं अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ‘‘अध्यक्ष कोण होता? संपादक होता,’’ असं आण्णा अभिमानानं म्हणायचे. माडखोलकर नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक होते. आण्णांच्या लेखी तो ठराव निम्मा साहित्यिकांचा आणि निम्मा आमच्या धंद्याचा होता.

मग मला ग्रामीण पानावर बसवलं. संध्याकाळी साडेपाचपासून कचेरीत एकच प्रश्न, ‘‘पाकीट आलं काय?’’ खानापूरचं आलं काय, जांबोटीचं आलं काय, कडोलीचं, उचगावचं, येळ्ळूरचं. ती फोडायची हे माझं काम.

त्या पाकिटांतून जे निघायचं त्याबद्दल मला खरं तर आज लिहायचं होतं.

कुणाची बातमी चौकटीच्या वहीच्या पानावर, कुणाची दूध सोसायटीच्या जुन्या पावतीच्या पाठीवर, एकाची कायम लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. लिहिणारे प्राथमिक शिक्षक, पिठाच्या गिरणीचे मालक, विमा एजंट, एक शिंपी. शिक्षक सरकारी नोकर, त्यांना नाव घालता येत नसे. म्हणून ‘वार्ताहर / जांबोटी’ एवढंच. वर्षानुवर्षं त्या दोन शब्दांमागं कोण आहे ते गावाला ठाऊक असायचं, पण पेपरात कधी आलं नाही. कणकुंबीकडं मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस ज्यानं पाहिलाय त्यालाच कळेल. आषाढात गाड्या बंद पडायच्या आणि पाकीट तीन-तीन दिवस यायचं नाही. एकदा तिकडच्या गुरुजींचं पाकीट आलं ते प्लॅस्टिकच्या खताच्या पिशवीत गुंडाळून, दोरीनं बांधून. दूध घेऊन निघालेल्या माणसाबरोबर खानापूरपर्यंत पाठवलं होतं. आत बातमी होती, ओढ्यावरचा साकव वाहून गेला, पोरं शाळेत येत नाहीत. अक्षर पसरलं होतं, शाई निळ्याची जांभळी झाली होती. मी भिंग घेऊन लावलं. आठ ओळी. साकव पुढं लवकर झाला नाही, पण गुरुजींनी त्यानंतर दर पावसाळ्यात पहिली बातमी त्याच साकवाची पाठवली आणि मी दर वर्षी ती छापली.

आणि निधनवार्ता. आमच्याकडं या बातम्यांवर पेपर खपतो, हे कुणी कबूल करो न करो. रक्षाविसर्जन कधी आहे हे पाहायला लोक आधी ते पान उघडतात. पाव्हण्यांना फोन करायची सोय नव्हती तेव्हा हीच एक सोय होती. मजकुराचा साचा ठरलेला: वय, पश्चात कोण, रक्षाविसर्जन कधी. मला त्यात एक गोष्ट टोचायला लागली. पुरुष गेला की त्याचं नाव. बाई गेली की ‘अमुक यांच्या मातोश्री’, ‘तमुक यांच्या पत्नी’. अमुकचं नाव, हुद्दा, पक्ष, सोसायटी, सगळं. बाईचं नाव कधी असायचं, कधी नाही.

एका दुपारी बेळगावजवळच्या गावातले एक गृहस्थ स्वतः चिठ्ठी घेऊन आले. डोक्यावर टॉवेल, डोळे सुजलेले. चिठ्ठीत ‘माजी ग्रामपंचायत सदस्य’ म्हणून त्यांचंच नाव मोठं होतं. मी विचारलं, ‘‘काका, आईंचं नाव काय?’’ ते म्हणाले, ‘‘आम्ही आव्वा म्हणायचो.’’ मी पेन खाली ठेवून थांबले. मग त्यांनी नाव सांगितलं. मी म्हटलं, ‘‘त्या काय करायच्या?’’ ‘‘काय करणार? घरातच की.’’ थोड्या वेळानं स्वतःच बोलायला लागले. वडील लवकर गेले. आव्वानं दोन म्हशींवर चार पोरं वाढवली. पहाटे डोक्यावर दूध घेऊन चालत बेळगावात यायची, कॅम्पातल्या घरांत रतीब घालायची, नऊला परत शेतात. पुष्कळ वर्षं. ‘‘कॅम्पातली माणसं अजून विचारत्यात तिला,’’ असं म्हणाले आणि त्यांना पुढं बोलता येईना.

मी बातमी लिहिली. पहिल्या ओळीत आव्वांचं नाव, दुसऱ्या ओळीत दुधाचा रतीब. मुख्य उपसंपादकांनी कॉपी वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि काही न कापता खाली पाठवली. दोन दिवसांनी ते गृहस्थ परत आले, अंकाच्या दहा प्रती पाहिजेत म्हणून. कॅम्पातल्या तीन घरांतली माणसं रक्षाविसर्जनाला आली होती.

त्यानंतर ग्रामीण पानावर मी असेपर्यंत बाईचं नाव नसलेली निधनवार्ता गेली नाही. सगळ्या वार्ताहरांना मी पोस्टकार्डं टाकली: नाव पाहिजे, आणि त्या काय काम करत होत्या तेही. सुरुवातीला कुरकूर झाली. नंतर पाकिटांतून जे यायला लागलं ते वाचून मी थक्क झाले. सुईणी, कोंबड्या विकून मुलाला इंजिनिअर केलेल्या बाया, कौलांच्या भट्टीवरच्या बाया, 1956 च्या संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या आणि नंतर कुणी न विचारलेल्या आज्या. ही सगळी माहिती गावात होतीच. कुणी मागितली नव्हती.

रात्रपाळी मला मिळाली ती शिवजयंतीला. बेळगावची शिवजयंती वैशाखातली, तिथीची, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्र उलटून उजाडेपर्यंत चालते. सगळी माणसं रस्त्यावर असतात, कचेरीत कुणीच नसतं, म्हणून ‘आजच्या दिवस थांबतेस काय?’ असं विचारलं गेलं. मी थांबले. दुसऱ्या दिवशीही थांबले. मग तो विषय कुणी काढला नाही.

कन्नडचं सांगायला पाहिजे. आमच्या भागात बातमीचा कागद कन्नडमध्ये येतो. पोलिसांची पत्रिका प्रकटणे म्हणजे प्रेसनोट, पंचायतीची नोटीस, पाटबंधाऱ्याचा आदेश. परीक्षेपुरतं शिकलेलं कन्नड इथं पुरत नव्हतं. वडगावात मावशीच्या शेजारच्या अक्का विणकर घरातल्या, घरी कन्नड. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं कागद घेऊन बसायची. त्या मोठ्यानं वाचायच्या, अडलं की समजावायच्या, बदल्यात मी त्यांच्या मुलीचं मराठी बघायची. सीमाप्रश्नावर माझी मतं ठाम आहेत, ती मी कधी लपवली नाहीत. पण माझं वार्तांकन उभं राहिलं ते अक्कांच्या ओसरीवर, आणि कन्नड पेपरांतल्या ज्या मित्रांनी रात्री-अपरात्री फोनवर कागद वाचून दाखवला त्यांच्यामुळं.

याचा खरा उपयोग झाला 2001 नंतर. कर्नाटक सरकारनं ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आणले. तलाठ्याच्या हातचा उतारा बंद, तालुक्याला जाऊन खिडकीवर 15 रुपये भरायचे आणि छापील उतारा, म्हणजे आरटीसी, घ्यायचा. योजना चांगली होती, तलाठ्यामागं फिरणं संपलं. पण उतारा कन्नडमध्ये. एका तालुका कचेरीबाहेर चिंचेखाली मी दुसऱ्याच बातमीसाठी उभी होते. मला वाचताना पाहून एका म्हाताऱ्यानं आपला कागद पुढं केला. ‘‘बाई, माझंच नाव हाय न्हवं ह्यात?’’ त्याचा वाचून होईतो मागं दहा-बारा माणसं उभी. कुणाच्या नावात वडिलांचं नाव वेगळं लागलेलं, कुणाचं फेडलेलं सोसायटीचं कर्ज अजून बोजा म्हणून दिसतंय, कुणाला आपल्या बहिणीचं नाव उताऱ्यात आहे हेच ठाऊक नाही. पीककर्जासाठी हाच कागद लागतो. तो कागद घेऊन माणसं घरी जात होती, ट्रंकेत ठेवत होती, आणि आत काय आहे हे महिन्यांनी कुणाच्या तरी तोंडून कळत होतं.

परत येऊन मी संपादकांना म्हटलं, मला अर्धं पान द्या. बातमी नको, उताराच छापू या. एका शेतकऱ्याच्या परवानगीनं, नाव झाकून, आरटीसीचा कागद जसाच्या तसा छापला आणि रकान्याला रकाना मराठीत लिहिलं: इथं सर्व्हे नंबर, इथं एकर-गुंठे, 40 गुंठ्यांचा एकर, इथं पोटखराब, म्हणजे न पिकणारी जमीन. 9 नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, ते अक्षर अन् अक्षर तपासा. 11 नंबरला बोजा आणि इतर हक्क, कर्ज फेडलं असेल तर इथं बघा. 12 नंबरला कोण कसतं आणि पीक कोणतं. चूक दिसली तर अर्ज कुणाकडं करायचा. त्या अर्ध्या पानाला पहिल्यांदा माझं पूर्ण नाव लागलं.

अंक दुपारपर्यंत संपला. खानापूरच्या एजंटाचा फोन, जादा पाठवा. पुढं कित्येक महिने सोसायट्यांच्या भिंतींवर, पिठाच्या गिरण्यांत, चहाच्या टपऱ्यांवर ते कात्रण चिकटवलेलं दिसायचं. भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण 15 टक्के किंवा जास्त असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचनांचा मजकूर त्यांच्या भाषेतही द्यावा, हे केंद्र-राज्यांत केव्हाचं ठरलेलं आहे. राज्यघटनेच्या 350 ब कलमाखाली त्यासाठी आयुक्त आहेत. त्यावर निवेदनं द्यायची, मोर्चे काढायचे, ते चालूच आहे आणि चालूच राहिलं पाहिजे. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो निकालाला येईल तेव्हा येईल. पण चिंचेखालच्या म्हाताऱ्याला त्याच दिवशी कागद कळायला हवा होता. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आणि 17 जानेवारीच्या हुतात्मा दिनाला मुंबई-पुण्याचे पत्रकार येतात, फेरी आणि हुतात्म्यांना अभिवादन टिपून परत जातात. ते येतात याचं मला बरंच वाटतं. उरलेलं वर्ष इथंच काढणारं कुणीतरी लागतं.

निपाणीच्या मामांनी ते अर्धं पान दुकानात काचेखाली लावलं होतं. नंतर दुकान बंद झालं. मामांची निधनवार्ता मीच लिहिली. त्यात ‘वार्ताहर / निपाणी’ म्हणून कितीतरी वर्षं छापून आलेल्या बातम्या कुणाच्या हातच्या होत्या, ते पहिल्यांदा नावासह छापलं.

तेव्हापासून डोक्यात आहे ते आता सुरू करते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांत 1960 पासून 2000 पर्यंत ज्यांनी नाव न लावता गावच्या बातम्या पाठवल्या, त्या वार्ताहरांची यादी मला करायची आहे. गाव, साधारण साल, ते एरवी काय करायचे, आणि घरच्यांची हरकत नसेल तर नाव आणि फोटो. घरात जुनी कात्रणांची वही असेल, पाठवायचं राहून गेलेलं एखादं पाकीट असेल, तर टाकू नका. मला कळवा, मी येऊन बघेन. जांबोटी आणि कणकुंबीकडच्या गुरुजींच्या घरच्यांशी बोलणं झालंय. कडोली, उचगाव आणि येळ्ळूरचं कुणी वाचत असेल तर आधी त्यांनी लिहावं. तिथली निदान तीन अक्षरं मला अजून ओळखता येतील, पण त्यांची नावं मला कधीच कळली नाहीत.